झालं म्हणजे झालं

कडकला या नोकरीत काय काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे पुढे गोंधळ नको. पगार लाँड्रीतल्याच्या तिप्पट. चाकांची खुर्ची, तीही एकट्याची, दुसऱ्या पाळीतलं कोणी येऊन उठवणार नाही अशी. बाराही महिने थंड हवा. अठरा वर्षं लोकांचे शर्ट कडक करता करता त्याच्या स्वतःच्या शर्टाचं दुपारपर्यंत पोतेरं व्हायचं. आता तो सकाळी घातला तसाच संध्याकाळी घरी येणार होता. शिवाय सासुरवाडीला जेवायला बसताना सासरे थोरल्या जावयाला "या, इथे बसा" म्हणायचे आणि याला "घे की रे तो स्टूल ओढून", तो स्टूल सुटण्याची दाट शक्यता होती. जमेची बाजू अशी भरून वाहत होती. खर्चाच्या बाजूला त्याने काहीच मांडलं नव्हतं. त्यात त्याची चूकही नव्हती म्हणा, कारण जे जाणार होतं ते त्याचं नव्हतंच.

'कडक' हे नाव त्याला लाँड्रीत पडलं, ते त्याच्या इस्त्रीवरून. माणूस म्हणाल तर अगदी मऊ. रस्त्यात कोणी दुसऱ्याला हाक मारली तरी हा दचकून मागे बघायचा आणि "काय चुकलं का?" असा चेहरा करायचा. बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं होतं. दुसऱ्या वर्षी वडील गेले, आणि पुस्तकांच्या जागी इस्त्री आली ती आलीच. पस्तिशी उलटल्यावर गुडघे बोलायला लागले, वाफेने दोन्ही हातांवर भाजल्याच्या पट्ट्या उमटल्या, तेव्हा त्याने सॉफ्टवेअर तपासायचं काम शिकायला घेतलं. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे असतात. त्यांचं लिहून झालं की त्यात कुठे उसवलंय, कुठलं बटण लागत नाही, हे शोधणारे वेगळे. ते दुसरं काम. दीड वर्ष तो सकाळी दुकान उघडण्याआधी शिकत राहिला, साडूने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर. त्या काळात बायकोने बेकरीच्या काउंटरवर दोन-दोन पाळ्या केल्या आणि टोमणा मात्र एकच मारला, "शिका हो शिका, लेकीच्या आधी तरी पास व्हा."

जागेची खबर आणली थोरल्या साडूने. साडू त्याच कंपनीत हिशेबखात्यात होते. त्यांची पदवी त्यांच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेली होती, बरोबर घड्याळाच्या वर. घरात कोणालाही वेळ बघायची असेल तर आधी ती बघावी लागे. "मी शब्द टाकलाय हां तुझ्यासाठी," साडू म्हणाले. "माझा शब्द म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना माहीत आहे." काय माहीत आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

मुलाखत बरी झाली. तपासणी विभागाच्या मॅडमनी एक नमुन्याचा प्रोग्रॅम दिला, यातल्या चुका शोध म्हणाल्या. त्याने काही शोधल्या, काही सुटल्या. मॅडम म्हणाल्या, "चालेल, शिकशील." तेवढ्यात त्यांना कुठून तरी बोलावणं आलं आणि त्या उठून गेल्या. खोलीत उरल्या कागदपत्रांच्या ताई. सगळी कंपनी त्यांना ताईच म्हणायची. पन्नाशी पार केलेल्या, चष्मा साखळीत अडकवून गळ्यात लोंबता, आणि तरीही तो सतत शोधणाऱ्या. त्या माहिती भरून घेत होत्या. नाव, पत्ता, लग्न, मुलं.

"बारावीनंतर?"

"कॉलेजला गेलो," कडक म्हणाला, "आणि... झालं."

आता हे 'झालं' नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे. ज्या आवाजात आपण "झालं, दिवे गेले" म्हणतो, "झालं, आता बस चुकली" म्हणतो, त्या आवाजात त्याने ते म्हटलं होतं. म्हणजे संपलं, बोंबललं, पुढचं विचारू नका. पण ताई त्या वेळी टेबलाखाली वाकून चष्मा शोधत होत्या. वर आल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे पूर्ण झालं ना?"

लाँड्रीत 'झालं'चा अर्थ तिसराच असतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून विचारतं, "माझे कपडे झाले?" तेव्हा आतून इस्त्रीवाला ओरडतो, "झाले, झाले!" कपडे अजून ओले असतात. त्या 'झाले'चा अर्थ 'तुम्ही कोपऱ्यावर जाऊन या, तोवर करतो' एवढाच असतो. अठरा वर्षं कडकने दिवसातून कितीतरी वेळा हे उत्तर दिलेलं. ओल्या कपड्यावर हात ठेवून 'झालं' म्हणायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

मान हलली. आडवी हलायला हवी होती ती उभी हलली.

"छान," ताई म्हणाल्या आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या. "रक्तगट?"

पहिला आठवडा नव्या खुर्चीच्या कौतुकात गेला. इस्त्री तापली का बघायला बोट ओलं करून टेकवायची सवय होती, तसं त्याने पहिल्या दिवशी लॅपटॉप सुरू झाल्यावर त्यालाही ओलं बोट टेकवलं. शेजारचा दाढीवाला प्रोग्रॅमर पाहत होता. "काय करतोयस?" "काही नाही, धूळ," कडक म्हणाला. दाढीवाला बराच वेळ हसला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलू लागला.

आणि मग तो शब्द सुरू झाला.

कंपनीच्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. त्याचे तीन भाग. 'करायचं', 'चालू', 'झालं'. प्रत्येक काम म्हणजे एक रंगीत चिठ्ठी, आणि ती डावीकडून उजवीकडे सरकत जायची. प्रोग्रॅमरने चिठ्ठी 'झालं'मध्ये टाकली की ती खरंच झाली आहे का हे पाहणं कडकचं काम. म्हणजे दुसऱ्याच्या 'झालं'वर विश्वास ठेवायचा नाही, याचा त्याला पगार मिळत होता. यातला विनोद त्यालाही कळत होता. हसू मात्र येत नव्हतं.

एकदा मॅडमनी विचारलं, "ते नोंदणीचं पान तपासून झालं?"

"झालं," तो लाँड्रीतल्या सवयीने म्हणाला. पान अजून उघडलंही नव्हतं.

मॅडमनी पानावरचं बटण दाबून पाहिलं, पानाने मान टाकली. त्या चिडल्या नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, इथे झालं म्हणजे झालं. अर्धवट असेल तर अर्धवट म्हण, कोणी खात नाही. पण नसताना झालं म्हणणारा माणूस मला चालत नाही."

तेव्हापासून तो दिवसभर हा एकच शब्द ऐकू लागला. जेवण झालं? चहा झाला? रंग देऊन झाला? भांडून झालं असेल तर कामाला लागा. मराठी माणसाला हा शब्द टाळून दिवस काढता येत नाही, आणि प्रत्येक वेळी कडकला वाटायचं, आता याच्या मागून तो दुसरा प्रश्न येणार. म्हणजे पूर्ण झालं ना?

बरं, गंमत पुढेच आहे. एका दुपारी दाढीवाला आणि मॅडम नव्या माणसांच्या भरतीबद्दल बोलत होते. मॅडम म्हणाल्या, "तपासणीला पदवी कशाला लागते? ती अट आपण केव्हाच काढून टाकली. डोळे हवेत आणि खरं बोलणारं तोंड हवं." कडक शेजारी बसून ऐकत होता. त्याचे कान तापले. त्याने मान आडवी हलवली असती तरी नोकरी मिळालीच असती. जी वस्तू फुकट वाटली जात होती ती त्याने चोरली होती, आणि आता ती खिशात घेऊन फिरायचं होतं.

रविवारी साडूंकडे जेवण होतं. बायकोची थोरली बहीण वाढत होती, साडू बोलत होते. जेवताना बोलणं हे साडूंचं मुख्य काम, जेवण जाता जाता व्हायचं.

"काय साडूबुवा, खुर्ची मऊ आहे ना? इस्त्री आठवते की नाही?"

"आठवते."

"आठवायलाच हवी. माणसाने आपलं मूळ विसरू नये," साडू म्हणाले. त्यांचं मूळ काय होतं ते घरात कोणालाच आठवत नव्हतं. "एक सांग. पदवीचं काय सांगितलंस तिथे?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही हे त्याने सांगितलं नव्हतं.

"विचारलंच नाही कोणी," कडक म्हणाला आणि पाण्याचा पेला उचलला. पाणी नाकात गेलं.

"बरं झालं मग. कारण आता विचारणार आहेत." साडू मजेत म्हणाले. "रुग्णालयांचं मोठं काम येतंय. त्या गिऱ्हाइकाची अट अशी की ज्यांचे हात त्या कामाला लागणार त्यांची सगळी माहिती तपासून हवी. लिहिलंय एक आणि निघालं दुसरं, तर तो माणूस बाहेर. तुझं काय, तू काही लिहिलंच नाहीस. तुला काय भीती?"

"मला काय भीती," कडक म्हणाला.

घरी पोचल्यावर दारात चप्पल काढताना बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला खोकला नाही, सर्दी नाही. मग पाणी नाकात कसं गेलं?"

"घाईत प्यायलो."

"हं," ती म्हणाली. बायकांच्या 'हं'मध्ये काय काय मावतं ते नवऱ्यांना पक्कं माहीत असतं.

सोमवारी सूचना आली. गेल्या वर्षभरात लागलेल्या सगळ्यांनी शिक्षणाचे कागद ताईंकडे आणून द्यावेत. कडक ताईंच्या टेबलापासून लांबून जायला लागला. पाण्याला जायचं तर जिन्याने खालच्या मजल्यावर. ताई समोरून दिसल्या की फोन कानाला. फोनवर पलीकडे कोणी नसायचं. तो आपला "हो, हो, बघतो" करत निघून जायचा. मांजर आडवं गेल्यासारखा माणूस वागायला लागला की दुसऱ्यांनाही संशय येतो, पण ताईंना आला नाही. त्या माणसांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होत्या. कंपनीला हा दोष फार स्वस्तात मिळालेला.

शेवटी त्यांनीच त्याला चहाच्या यंत्रापाशी गाठलं. मागून आल्या, म्हणून फोन काढायला वेळ मिळाला नाही.

"अरे, तुझा तेवढा कागद राहिलाय बघ."

"आणतो ताई. तो... गावाकडच्या पेटीत आहे."

"असू दे, सावकाश आण. शुक्रवारपर्यंत दिलास की झालं." त्याच्या हातातला कप हलला आणि चहा बोटांवर सांडला. भाजायची सवय असल्याने त्याला ते कळलंही नाही. ताईंनीच कागदी रुमाल दिला. "इतका कशाला घाबरतोस? मी काय खाते का तुला? मला विचारशील तर या कागदांना काडीचा अर्थ नाही. मी इथे आले तेव्हा कंपनी दोन खोल्यांची होती, मी फोन उचलायला लागले होते. कॉलेजची पायरीसुद्धा चढले नाही. मोठ्या साहेबांना माहीत आहे, कोणी त्याचं काही केलं नाही. फक्त खरं काय ते लिहिलेलं असावं, एवढंच."

घ्या. दार उघडून, दिवा लावून, या म्हटलेलं. सबंध इमारतीत ज्या एका माणसाला हे सांगता आलं असतं ते माणूस हातात रुमाल घेऊन समोर उभं होतं. कडकने तोंड उघडलं. "ताई, ते त्या दिवशी..."

"काय?"

ताई सरळ त्याच्याकडे बघत होत्या, चष्मा डोळ्यांवर होता. आत्ता सांगितलं तर त्या विचारणार, मग तेव्हा मान का हलवलीस? आणि मॅडम विचारणार, नसताना झालं म्हणणारा तूच ना? त्याला ते सगळे प्रश्न एका दमात ऐकू आले आणि सगळ्यांपुढे तो आधीच उभा राहून आला.

"त्या दिवशी तुम्ही रक्तगट विचारला होता," तो म्हणाला. "तो बरोबर लिहिलाय ना?"

ताई हसल्या. "वेडाच आहेस," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी तो लाँड्रीत गेला. कशाला, ते त्याला स्वतःला नीट सांगता आलं नसतं. मालक काउंटरवर टोकन लावत होते. आत वाफेचा तोच फुस्स-फुस्स आवाज, तोच ओल्या सुताचा वास. त्याच्या टेबलापाशी दुसराच माणूस उभा होता आणि बरा हात चालवत होता.

"या साहेब!" मालक म्हणाले. "शर्ट द्यायचाय का?"

"नाही, सहज आलो. काम कसं आहे? माणूस वगैरे लागतोय का?"

मालकांनी टोकन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. कपडा बघावा तसं, उलटून-पालटून. "काढला का तुला?"

"नाही हो! छे. सहज विचारलं."

"सहज विचारायला कोणी आठ वाजता येत नाही," मालक म्हणाले. "जागा नाही रे. तुझ्यासारखा कडक नाही हा, पण वेळेवर येतो आणि 'झालं' म्हणतो तेव्हा खरंच झालेलं असतं. गिऱ्हाइकं खूश आहेत."

तर परतीचं दारही बंद. लाँड्रीच्या बाहेर उभा राहून कडकने स्वतःची किंमत केली. अडतिसाव्या वर्षी, दीड वर्ष शिकलेला, इस्त्रीही नाही आणि खुर्चीही नाही. त्याला घाम फुटला. आत अठरा वर्षं वाफेत उभा होता तेव्हा आला नव्हता इतका.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तोंडाने खोटं बोलला नाहीत."

"नाही."

"मानेने बोललात."

"हो."

"मग उद्या जा आणि मानेनेच सरळ करा. नोकरी जाईल तर जाईल. मी अजून एक वर्ष दोन पाळ्या करीन, पण हे असं पाणी नाकात जाणं मला बघवत नाही." एवढं म्हणून ती थांबली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण माणसाला बळ यावं म्हणून माणूस आणखी बोलतो. ती म्हणाली, "भाऊजींना एकदा विचारून घ्या हवं तर. शब्द त्यांनी टाकलाय."

साडूंनी ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पळालेलं पाणी त्यांनी चटकन माघारी बोलावलं. पाठीमागे चौकटीतली पदवी होती, तिच्याकडे एक नजर टाकली.

"खोलीत कोण होतं?"

"मी आणि ताई."

"मॅडम?"

"बाहेर गेल्या होत्या."

"मग तू म्हणालास काय? शब्द काय होता?"

"झालं."

"बस. तेवढंच सांगायचं. तू 'झालं' म्हणालास, म्हणजे संपलं. हे खरं की नाही?"

"खरं."

"त्यांनी वेगळं ऐकलं, त्याला तू काय करणार?"

"पण त्यांनी परत विचारलं, आणि मी..."

साडूंनी हात वर केला. "मला ते ऐकू आलेलं नाही," ते म्हणाले. "आणि माझा शब्द गेलाय तुझ्यापायी, तेव्हा तुलाही आठवायची गरज नाही. मानेची कुठे नोंद होते का?"

शुक्रवारी कडकने कागद दिला नाही. तो मॅडमकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या माहितीत एक चूक आहे." घरून निघताना त्याने ठरवलं होतं की सगळं सांगायचं. हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. ठरवलं होतं, अगदी जिना चढेपर्यंत.

मॅडमनी मोठ्या साहेबांना बोलावलं, साहेबांनी ताईंना. चौघे काचेच्या खोलीत बसले. बाहेरून सगळं ऑफिस दिसत होतं, आणि ऑफिसला हे. दाढीवाल्याने लांबून अंगठा वर करून दाखवला. कडकला वाटलं, आपण दोरीवर वाळत घातलेला कपडा आहोत.

"इथे पदवी पूर्ण असं लिहिलंय," साहेब म्हणाले. "आणि ती नाही. अशी नोंद गिऱ्हाइकाच्या हातात गेली असती तर काम गेलं असतं. तुम्ही त्या दिवशी नेमकं काय म्हणालात?"

"मी म्हणालो, कॉलेजला गेलो, आणि झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे... संपलं. वडील गेले, सुटलं कॉलेज."

मॅडमना हसू आलं. सुटकेचं हसू, त्यांना माणूस घालवायचा नव्हता. "अहो ताई, आपण म्हणतो नाही का, झालं, आता दूध उतू गेलं! तसलं झालं. तुम्ही त्याला पदवीच देऊन टाकलीत."

ताई हसल्या नाहीत. त्या गळ्यातली साखळी बोटांनी चाचपत होत्या. "पण मी परत विचारलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "मला आठवतंय. चष्मा सापडल्यावर. 'म्हणजे पूर्ण झालं ना?' असं विचारलं होतं मी." मग त्या कडककडे वळल्या. आरोप नव्हता त्यात. घरात किल्ली सापडत नसली की आपण घरातल्याला विचारतो ना, तू पाहिलीस का, तसं त्यांनी विचारलं, "विचारलं होतं ना रे?"

कडकच्या मानेवर यंत्राची थंड हवा थेट येत होती. त्याला खुर्ची दिसली, स्टूल दिसला, लाँड्रीतल्या टेबलापाशी उभा असलेला परका माणूस दिसला, आणि मॅडमचं ते शांत वाक्य ऐकू आलं, नसताना झालं म्हणणारा माणूस मला चालत नाही.

मान हलली. या वेळी उभी हलायला हवी होती, ती आडवी हलली.

"नसेल मग," ताई म्हणाल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "हल्ली होतं माझं असं काहीतरी. परवा घरी कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या राहिल्या."

"तेच बघायला हवं," साहेब म्हणाले. "आणखी किती नोंदी अशा असतील?"

एकही नव्हती. तीन आठवडे ताईंच्या सगळ्या जुन्या नोंदी उलटून पाहिल्या, एकही चूक निघाली नाही. पण गिऱ्हाइकाला काहीतरी उपाय केला असं दाखवायचं होतं. त्या कंपनीत कोणाला काढत नसत, विश्रांती देत. ताईंना विश्रांती मिळाली. निरोपाच्या वेळी साडूंनी हिशेबखात्याच्या वतीने भाषण केलं, "ताईंसारखी माणसं आता होत नाहीत," आणि ते खरं असल्याने त्यांना विशेष श्रम पडले नाहीत.

कडक रुग्णालयांच्या कामावर लागला. सासऱ्यांकडे स्टूल सुटला, खुर्ची मिळाली. बायकोने एक पाळी सोडली. तिने फक्त एकदा विचारलं, "सगळं सांगितलंत ना त्यांना?" आणि तो "झालं ते" म्हणाला. ती "हं" म्हणाली आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही; पण त्या दिवसापासून जेवताना ती त्याच्या पाण्याच्या पेल्याकडे बघायची.

मग एका दुपारी ताई आल्या. टेबलावर राहिलेली कुंडी न्यायला. सगळ्यांना भेटल्या, मॅडमच्या गळ्यात पडल्या, दाढीवाल्याला दाढी काढ म्हणाल्या. कडक खालच्या मजल्यावर पाणी प्यायला निघाला होता. लिफ्टचं दार उघडलं आणि आत त्याच होत्या, कुंडी कडेवर घेऊन.

"बरा आहेस ना रे?"

"बरा आहे ताई. तुम्ही?"

"मी कान दाखवून आले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता वेळच वेळ आहे. त्या डॉक्टरांनी कानाला काय काय लावलं, बंद खोलीत बसवलं, बारीक बारीक आवाज काढले. मी म्हटलं, खरं काय ते सांगा, बहिरी होतेय का मी? तर म्हणाले, आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

दार बंद झालं. लिफ्ट खाली निघाली. ताई त्याच्याकडे बघत होत्या, चष्मा डोळ्यांवर होता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जेवण झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

"पूर्ण?"

त्याची मान जागच्या जागी ताठ राहिली, ना उभी ना आडवी. नाव सार्थ झालं म्हणायचं. तळमजला आला, ताई कुंडी सावरत बाहेर पडल्या आणि एकदाही मागे न बघता रस्त्याला लागल्या. कडक लिफ्टमध्येच उभा राहिला. दार मिटलं, कोणीतरी वरून बोलावलं, ती त्याला घेऊन वर गेली. तेव्हापासून तो जिन्याने जातो. गुडघे बोलतात, तरी जिन्याने.

तर आता खर्चाची बाजू. साडूंनी एक शब्द टाकला होता, तो त्यांना सव्याज परत मिळाला. मॅडमचं एक हसू गेलं. कंपनीचा निरोपाचा एक हार. बायकोची एक पाळी सुटली, आणि नवऱ्याच्या शब्दावरचा भरवसा, त्याचं काय झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही. कडकने दिली मान, दोनदा. ताईंनी नोकरी दिली, आणि काही आठवडे आपल्या दोन्ही कानांवरचा विश्वास दिला. कानाच्या डॉक्टरांची फीही त्यांनीच भरली.